फेकलेला साचा

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा बाजूला सारला, स्टूल मागे ढकललं आणि विचारलं, "हे झालं कसं?" थोरल्या बहिणीने तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "साचा कापत होते. प्लास्टरचा तुकडा उडाला. गॉगल घातला नव्हता मी." इतक्या सरळ आवाजात म्हणाली की क्षणभर थोरलीलाही ते खरंच वाटलं. डॉक्टरीणबाई वैतागल्या. "इतकी वर्षं हे काम करता तुम्ही, आणि साधा गॉगल घालता येत नाही? नव्या पोरींना काय सांगायचं मग आम्ही?" धाकटी म्हणाली, "चुकलंच माझं." आणि खुर्चीच्या हाताखालून तिने थोरलीचं मनगट चाचपून शोधलं आणि दाबलं. लहानपणी दाबायची तसंच. गप्प राहा, या अर्थाने. थोरलीच्या एका खांद्यावर स्वतःची पर्स होती, दुसऱ्या खांद्यावर धाकटीची. दोन्ही पर्सा सांभाळत ती उभी राहिली आणि गप्प राहिली. मग परिचारिका आली, धाकटीला चाकाच्या खुर्चीत बसवून आत घेऊन गेली, आणि दार आपोआप, हळूच, रबराचा उसासा टाकत बंद झालं.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिला दिसलं की आपल्या बोटांच्या पेरांत अजून पांढरं प्लास्टर आहे. ती नखाने ते खरवडू लागली. इथे येताना टॅक्सीत आपण रडत रडत काहीतरी बोलत होतो, "चुकलं गं माझं, चुकलं," असं पुन्हा पुन्हा, आणि ड्रायव्हर आरशातून पाहत होता. धाकटी रुमाल डोळ्यावर धरून म्हणाली होती, "असू दे ताई. आधी डोळा बघू." म्हणजे माफी मागून झाली होती. ती स्वीकारूनही झाली होती. मग अजून संपल्यासारखं का वाटत नाही? तिने आठवून पाहिलं. दुपारची वेळ. वर्कशॉपमध्ये दोघीच. समोरासमोर दोन टेबलं, मधे बर्नर, मेण तापल्याचा गोडसर वास, आणि भिंतीला लावलेल्या फळ्यांवर अनोळखी माणसांचे जबडे, पांढरेफटक, रांगेत. दोघी कवळ्या बनवायच्या. "आपण लोकांना हसवून पोट भरतो," हा धाकटीचा जुना विनोद होता, आणि नव्या गिऱ्हाइकाला तो ऐकवल्याशिवाय ती राहत नसे. धंदा थोरलीने सुरू केला होता. धाकटीला तिनेच हाताला धरून शिकवलं होतं, मेण कसं कापायचं, चावा कसा बसवायचा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट कसे मिटतील ते. पण रंग धाकटीला कुणी शिकवला नव्हता. दात पांढरा नसतोच, ती म्हणायची. त्यात राखाडी असतो, पिवळा असतो, टोकाशी जरा निळा असतो, आणि प्रत्येकाचा वेगळा. माणूस दारातून आत येऊन "नमस्कार" म्हणेपर्यंत तिने त्याचा रंग ठरवलेला असायचा.

त्या दुपारी फोन वाजला तो दातांच्या एका डॉक्टरांचा होता. त्यांच्या दवाखान्याचं काम गेली कित्येक वर्षं यांच्याकडेच यायचं. ते नेहमीच्या अदबीने बोलले. "बाई, एक विनंती होती. यापुढची कामं शक्यतो धाकट्या बाईंच्याच हातची पाठवा. रागावू नका. तशीही तुमची कामं शेवटी त्याच नीट करून देतात ना?" शेवटचं वाक्य ते अगदी सहज बोलून गेले. थोरलीने "हो, हो, पाठवते" म्हटलं, रिसीव्हर ठेवला, आणि बराच वेळ त्यावरचा हात काढला नाही.

"तू माझी कामं पुन्हा करतेस?"

धाकटीने मेणातून डोकं वर काढलं. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग ती पुसली गेली. "पुन्हा नाही गं. थोडंसं घासते, एवढंच. चावा जरा उंच राहतो हल्ली तुझा."

"केव्हापासून?"

"ताई, होतात डोळे असे या वयात. चष्मा बदलून घे. मी सांगणारच होते तुला."

तिने आरडाओरडा केला असता, टोमणा मारला असता, तर कदाचित पुढचं झालं नसतं, असं थोरलीला बाकावर बसून वाटलं. तो मऊपणा सहन झाला नव्हता. आजाऱ्याशी बोलावं तसा तो आवाज. आपल्यामागे आपल्या चुका घासून गुळगुळीत करणारे ते शहाणे हात. तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात, पण तिला तसं वाटलं नव्हतं. उलट सगळं फार थंड आणि स्पष्ट झालं होतं, जणू कुणीतरी नवा चष्माच चढवला होता. हाताशी जबड्याचा एक साचा होता. तिने तो उचलला आणि भिंतीवर मारला. भिंतीवर. धाकटीवर नाही. हा शब्द ती बाकावर बसून घट्ट धरून होती. भिंतीवर मारला होता, धाकटीने दचकून मागे वळून पाहिलं, तेवढ्यात तो फुटला, तुकडा उडाला. धाकटी बोलली ते तसं फार खोटं नव्हतंच. तुकडा उडालाच होता की. आणि त्याच वेळी, पेरातलं शेवटचं प्लास्टर निघालं तेव्हा, तिच्या मनात कुणीतरी शांतपणे म्हणालं, त्या खोलीला भिंती चार आहेत. तू धाकटीच्या मागचीच का निवडलीस?

धाकटीचा नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. घरात, सासरी-माहेरी, सगळे त्याला मास्तरच म्हणायचे. तो धावतपळत आला, हाताला खडू लागलेला तसाच, आणि त्याने आल्या आल्या थोरलीचे हात धरले. "ताई, तुम्ही होतात म्हणून बरं. नाहीतर एकटी काय करणार होती ही?" तिला त्याच क्षणी सांगता आलं असतं. जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण तेवढ्यात धाकटीला बाहेर आणलं, अर्धा चेहरा पट्टीखाली, आणि मास्तर तिकडे वळला. त्यानंतर रोज ते आणखी अवघड होत गेलं. शस्त्रक्रिया झाली. दृष्टी किती वाचेल ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोरली रोज दुपारी धाकटीच्या घरी जाऊ लागली. सूप न्यायची, मऊ भात न्यायची, चादरी बदलायची, फरशी पुसायची. शेजारीण जिन्यात भेटली की म्हणायची, "बहीण असावी तर अशी." मास्तर संध्याकाळी घरी आला की पट्टीकडे बघून हळहळायचा आणि प्रेमानेच बायकोला बोलायचा, "गॉगल घालायला काय झालं होतं गं? एवढुसा गॉगल." धाकटी म्हणायची, "राहिला." आणि थोरली स्वयंपाकघरात नळ सोडायची, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

एका दुपारी ती सूप गरम करत होती आणि पातेल्याचं झाकण तिच्या हातातून ओट्यावर पडलं. फार मोठा आवाज झाला नाही. पण मागे खुर्चीत बसलेल्या धाकटीचे दोन्ही हात झटकन वर गेले, चेहऱ्यापुढे, कोपरं आत, मान खाली. क्षणभरच. मग तिने हात खाली घेतले, केस सारखे केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "दचकलेच. एका डोळ्याने ना, कुठून काय येतंय कळतच नाही." थोरलीने झाकण उचलून ठेवलं.  ती हालचाल तिला पाठ होती. ती त्या दोघी मिळूनच शिकल्या होत्या, बाबांकडून.

बाबा वाईट नव्हते. हे वाक्य त्यांच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की त्याला चेहरा उरला नव्हता. नाकावर राग असलेला माणूस, पण मनाने लोण्यासारखा, असं लोक म्हणायचे. लोकांना लोणी मिळायचं. घरात जेवणाची ताटं भिंतीवर जायची, दारं आपटायची, एकदा इस्त्री खिडकीतून खाली गेली होती आणि खालचा माणूस केवळ नशिबाने वाचला होता. दुसऱ्या दिवशी बाबा फुलं आणायचे, आईसाठी. त्यांची किल्ली कुलुपात फिरली की दोघी बहिणी एकमेकींचं मनगट धरायच्या आणि किल्लीच्या आवाजावरून ओळखायच्या, आज कसं आहे. आईने घरात एक नियम केला होता. भांडण अंधार पडायच्या आत मिटलंच पाहिजे. दोघी बहिणी भांडल्या तरी ती त्यांना खिडकीशी उभी करायची आणि बाहेरचा उजेड दाखवायची. तो आहे तोवर बोला, काय बोलायचं ते. थोरलीने यात प्रावीण्य मिळवलं होतं. ती बाबांसारखीच भडकायची, धाकटीच्या वह्या फाडायची, बाहुलीचे केस उपटायची, आणि उजेड जायच्या आत रडून माफी मागायची. धाकटी "असू दे" म्हणायची. पाटी कोरी. आता वाटत होतं, आईच्या नियमातून आपण नेमकं सोयीचं तेवढं उचललं. संध्याकाळपर्यंत माफी मागितली की सकाळचं काहीच उरत नाही, एवढंच आपण शिकलो.

रात्रीच्या जेवणानंतर आई पवित्र शास्त्र वाचायची. मोठ्याने, एकाच सुरात. त्यात लोकांना वाळवंटातून नेणाऱ्या म्हाताऱ्या पुढाऱ्याची गोष्ट यायची तेव्हा थोरली दरवेळी चिडायची. लोक पाण्यासाठी भंडावून सोडतात. देव म्हणतो, खडकाशी बोल, पाणी येईल. म्हाताऱ्याचं डोकं फिरतं, तो लोकांना शिव्या घालतो आणि खडकावर काठी हाणतो, एकदा, परत एकदा. पाणी येतं. माणसं पितात, गुरं पितात. आणि मग देव त्याला सांगतो, ज्या देशाकडे तू यांना घेऊन चाललास, त्यात तुझं पाऊल पडणार नाही.

"पण पाणी तर आलं ना?" तिने एकदा विचारलं होतं.

"आलं."

"मग? एवढ्याशा रागाला एवढी शिक्षा? देवाने त्याला माफ नाही केलं?"

आईने पानावर बोट ठेवलं होतं. बाबा समोरच बसले होते, आणि हे वाचताना ती कधीही त्यांच्याकडे पाहत नसे. "माफ केलं असेल," ती म्हणाली. "देव शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. डोंगरावर नेऊन त्याला तो सगळा देश दाखवला. मेल्यावर पुरलंसुद्धा देवानेच. पण देश नाही दिला. माफी वेगळी गं, आणि जे झालं ते वेगळं." तेव्हा तिला ते पटलं नव्हतं. आता धाकटीच्या स्वयंपाकघरात सूप ढवळताना पटत होतं, आणि पटण्यात कसलाही दिलासा नव्हता. बाबा म्हातारपणी निवळले होते. खरंच निवळले होते. मांजराशी बोलायचे, कुणावर आवाज चढवायचे नाहीत. दोघी मुली त्यांचं सगळं करायच्या. पण त्यांच्या खोलीत शिरताना चपला अगदी हळू काढायच्या, आणि बसायच्या त्या दाराजवळच्या खुर्चीवर. पलंगाच्या कडेवर कुणी बसलं नाही. ते हाताने जागा करून द्यायचे, चादर सारखी करायचे, आणि दोघी म्हणायच्या, "इथेच बरं आहे, बाबा." आपणही त्याच पलंगावर निघालो आहोत, तिला वाटलं. चादर सारखी करत बसणार आहोत.

तिने गॅस बंद केला. सूप वाडग्यात ओतून धाकटीसमोर ठेवलं आणि स्वतः समोर बसली. "मी मास्तरांना सांगणार आहे."

धाकटीने चमचा उचलला नाही. "काय?"

"साचा कुणी फेकला ते."

"झालं ना ते आता. कशाला उकरतेस? मी सांगितलंय ना काय ते. डोळा त्याने परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग? उगाच त्यांच्या डोक्याला ताप. ते तुला किती मानतात. लोक काय म्हणतील ते वेगळंच." ती जरा थांबली आणि हसल्यासारखं केलं. "आणि माझं काही अडत नाही, ताई. मला सवय आहे. शेजारच्या काकू विचारायच्या, आईच्या हाताला काय झालं गं, तेव्हा मीच सांगायचे ना, जिन्यात पडली म्हणून? तुला खोटं बोलताच यायचं नाही. चेहरा पडायचा तुझा."

थोरलीने चमचा तिच्याजवळ सरकवला. तिला आठवलं. धाकटीची दोन वेण्यांतली टवटवीत मुद्रा, आणि काकूंसमोर घडाघडा येणारं ते उत्तर. तेव्हा हायसं वाटायचं, हिला जमतं म्हणून. लहान मुलीला ते जमतं याचं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. "म्हणूनच सांगणार आहे," ती म्हणाली. "ती सवय तुला लागायला नको होती. निदान माझ्यासाठी तरी नको."

धाकटी मग सूप प्यायली. हो म्हणाली नाही. पण नको असंही म्हणाली नाही.

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मास्तर वर्तमानपत्र घेऊन बसला असताना तिने सांगितलं. आधी खूप वाक्यं जुळवून ठेवली होती. फोन आला तिथपासून सुरुवात करायची, आपल्याला कसं लागलं ते सांगायचं, मग साचा. पण बोलायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की ही सगळी प्रस्तावना म्हणजे पुन्हा भिंतच आहे. तिने ती सोडून दिली. "मास्तर, तिच्या डोळ्यात गेला तो तुकडा मी फेकलेल्या साच्याचा होता. मी रागाने फेकला. तिने गॉगल घालायचा काही प्रश्नच नव्हता, ती साचा कापतच नव्हती. ती माझ्याशी बोलत होती."

मास्तरने वर्तमानपत्राची घडी घातली. नीट, रेघेवर रेघ ठेवून, वर्गात पेपर गोळा करावेत तशी. मग तो बायकोकडे वळला. "खरंय हे?" धाकटीने मान हलवली. तो उठून बाल्कनीत गेला. त्याची पाठ काचेतून दिसत होती. खांदे वर-खाली होत होते. थोरलीला वाटलं, आता तो आत येऊन ओरडेल, आणि ते बरं होईल. ओरडणं तिला कळायचं. तो आत आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मी तिला रोज बोलत होतो," तो म्हणाला. "रोज. गॉगलवरून. आणि तुम्ही आत भांडी घासत होतात." तिने मान खाली घातली नाही. घालावीशी वाटली, पण नाही घातली. "हो," ती म्हणाली. "ताई, तुम्ही आता जा. आणि पुन्हा यायचं असेल तर आधी विचारत जा. तिला नाही, मला." ती उठली. दाराशी गेल्यावर तिला धाकटीकडे बघायचा धीर झाला. धाकटी रडत नव्हती. ती खुर्चीत मागे रेलली होती, दोन्ही तळवे मांडीवर उघडे, आणि खूप लांबवरून पायी आलेल्या माणसासारखी दिसत होती, ज्याला कुणीतरी शेवटी बसायला सांगितलं आहे.

पुढच्या आठवड्यात ती डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंनाही सांगून आली. त्या पेन थांबवून म्हणाल्या की उपचार आहेत तेच राहतील, आणि तक्रार करायची की नाही हे धाकटीच ठरवेल. ती करणार असेल तर आपण खरं तेच लिहून देऊ. "द्या," थोरली म्हणाली. दातांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. कामं धाकटीचीच चांगली होती, माझी नको म्हणालात ते योग्यच केलंत, आणि ती सध्या का येत नाही याचं कारण मी आहे.  ते "बरं" म्हणाले, आणि त्यानंतर त्यांच्याकडून काम आलं नाही. वर्कशॉपमध्ये धाकटीचं टेबल रिकामं होतं, त्यावरचे ब्रश तिने ठेवले होते तसेच. धाकटीने तक्रार केली नाही. फोनही केला नाही. थोरलीने नवा चष्मा केला. तो घालून तिने आपलीच शेवटची कवळी दिव्याखाली धरली आणि तिला दिसलं, चावा उंच होता. चांगलाच उंच होता. या दातांनी कुणीतरी जेवत असतं, दर घासाला हिरडी दुखून गप्प बसत असतं. ती खाली बसली आणि सबंध दुपार ती कवळी घासत राहिली.

राग गेला नव्हता. तिला वाटलं होतं, इतकं सगळं बोलून टाकल्यावर तो जाईल, निदान लाजेने तरी तोंड लपवेल. पण एका सकाळी सामान पोचवणाऱ्याने प्लास्टरची पिशवी दाराच्या आत आणण्याऐवजी जिन्यातच टाकली, फुटली ती, सगळा जिना पांढरा झाला, आणि वर तोच म्हणाला, "मावशी, आधी दार उघडं ठेवायला काय होतं?" आणि तो राग आला. तोच थंडपणा, तोच स्पष्टपणा, हाताशी काय आहे ते बघणारी तीच नजर. शास्त्रातल्या पहिल्या दोघा भावांपैकी थोरल्याला, त्याच्या हातून धाकट्याचा खून घडण्याच्या आधी, देव येऊन विचारतो, तू का संतापला आहेस, तुझं तोंड का उतरलं आहे? लहानपणी तिला हा प्रश्न खोचक वाटायचा. देवाला ठाऊक नसतं का? आता जिन्यात उभी असताना तिला पहिल्यांदा वाटलं, तो खरंच विचारत होता. उत्तर मिळावं म्हणून विचारत होता. का संतापलीस? ती पायरीवर बसली. पिशवीसाठी? नाही. हा पोरगा? नाही. मग तिला ते मिळालं, आणि ते इतकं लहान होतं की तिला हसूच आलं. मी म्हातारी होतेय, आणि मला भीती वाटते. "मावशी, बरं वाटत नाहीये का?" सामानवाला घाबरला होता. "झाडू आण आतून," ती म्हणाली, "दाराच्या मागे आहे. दोघं मिळून भरू." त्याने झाडू आणला. जाताना तो पांढराफटक होऊन गेला, भुवयांसकट.

धाकटी आली ती अशाच एका दुपारी, न कळवता. पट्टी निघाली होती. दारात उभी राहिली, आत आली नाही. दोन्ही डोळे उघडे होते आणि एका नजरेत काही फरक कळतही नव्हता. फक्त डावा डोळा किंचित उशिरा वळायचा. "माझे ब्रश न्यायला आलेय," ती म्हणाली. "त्या डॉक्टरांनी बोलावलंय मला, त्यांच्याकडेच टेबल देतायत. हळूहळू करा म्हणाले."

"छान झालं," थोरली म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटलं.

धाकटी टेबलापाशी आली. ब्रश उचलायला हात पुढे केला, आणि तिची बोटं ब्रशच्या अलीकडेच, हवेत मिटली. तिने पुन्हा हात नेला. या वेळी पलीकडे गेला आणि ब्रशचा डबा कलंडला, सगळे ब्रश खाली घरंगळले. थोरली उठली नाही. उठायचं नाही हे तिने स्वतःला सांगितलं. धाकटी खाली पसरलेल्या ब्रशांकडे बघत उभी होती. आणि मग तिचा आवाज आला, जो थोरलीने उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

"अंतर कळत नाही मला! चहा कपाबाहेर ओतते मी. रंग दिसतो, अंतर दिसत नाही. डाव्या बाजूला सगळं धुकं आहे, सगळं! तू माझा डोळा घेतलास, ताई. आणि माझ्या वह्या फाडल्यास, माझ्या बाहुलीचे केस उपटलेस, आणि मी दरवेळी असू दे म्हटलं, दरवेळी! मला नव्हतं असू द्यायचं! एकदाही नव्हतं!"  तिच्या हाताशी टेबलावर एक साचा होता. दोघींनाही तो दिसला. धाकटीचा हात त्याच्यावर गेला, तिथे टेकला, तसाच राहिला. तिने तो उचलला नाही. ती बोलत राहिली. आईबद्दल बोलली, काकूंबद्दल, मास्तरांच्या त्या गॉगलबद्दल, रोज येणाऱ्या त्या सूपबद्दल, जे तिला घशाखाली उतरत नव्हतं. थोरली ऐकत होती. मधे बोलावं, समजूत काढावी, पुन्हा माफी मागावी, असं प्रत्येक वाक्याला वाटत होतं, आणि प्रत्येक वाक्याला ती गप्प राहत होती. ही गप्प राहण्याची जात वेगळी होती. यात लपायला कुठे जागा नव्हती. फक्त एकदा धाकटी थांबली आणि "बोल की काहीतरी!" म्हणून ओरडली तेव्हा ती म्हणाली, "तू बोलतेयस ते सगळं खरं आहे. मी ऐकतेय."

बऱ्याच वेळाने धाकटी स्टुलावर बसली. नाक पुसलं. "घसा कोरडा पडला माझा," ती चिडूनच म्हणाली. थोरलीने पाणी आणून दिलं, पेला तिच्या बोटांना लागेल इतका जवळ धरून. धाकटी पाणी प्यायली, पेला खाली ठेवला, आणि मग स्वतःच थोडी नवल वाटल्यासारखी म्हणाली, "ओरडता येतं की मला." "चांगलंच येतं," थोरली म्हणाली. "खालच्या मजल्यावरचे वर येतील आता." धाकटीच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते हसू होतं की नाही हे थोरलीने ठरवायला घेतलं नाही. तिने ब्रश गोळा करून डब्यात भरले आणि डबा पिशवीत ठेवला. परत इथे काम करशील का, हे तिने विचारलं नाही. त्याचं उत्तर दोघींना ठाऊक होतं. ही खोली आता तिची एकटीचीच राहणार होती.

दाराशी धाकटी घुटमळली. पुढे जिना होता, जुना, अरुंद, एक पायरी उंच तर एक बुटकी. चढताना कशी आली असेल ही, थोरलीच्या मनात आलं. "मास्तर खाली थांबलेत," धाकटी म्हणाली. "यायला ते होते बरोबर. मीच म्हटलं, खालीच थांबा." तिने पाय पुढे केला, पायरी चाचपली, मागे घेतला. थोरली पुढे झाली आणि सवयीने तिच्या उजव्या बाजूला, जिथून ती तिला नीट दिसेल अशी, येऊन उभी राहिली, मधे वीतभर जागा सोडून.

"इकडे काय करतेस?" धाकटी म्हणाली. "इकडचं दिसतंय मला. त्या बाजूला ये."

थोरली तिच्या मागून फिरून डावीकडे गेली, जिथे धाकटीला फक्त धुकं होतं. धाकटीने मान वळवली नाही. तिने नुसता हात लांब केला, आणि त्याला आपलं कोपर सापडेपर्यंत थोरली हलली नाही.

"पायरी कुठेय सांग," धाकटी म्हणाली.

"ही उंच आहे. हळू."